बंद दारामागचं घासणं

पटणार नाही, ठाऊक आहे. मलाही दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण हे माझ्याच घरात घडलं. रात्री-बेरात्री नाही, रविवारी भर दुपारी, लख्ख उजेडात.

आम्ही नुकतेच त्या तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात आलो होतो. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. दुसऱ्या दिवशी बाबा दवाखान्यातून थेट माझ्याकडे येणार होते. त्यांची फुप्फुसं पार थकलेली.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "घरात उग्र वास नको. फिनेल नाही, अ‍ॅसिड तर मुळीच नाही."

आणि बाथरूम तर असं, की आत पाय ठेवायला नको वाटावं. नळावर क्षारांचे पांढरे थर. टाइल्सच्या फटी काळ्याकुट्ट.

आत्या धावून आली. बाबांची थोरली बहीण. पिशवीतून लिंबं, मीठ, खायचा सोडा आणि व्हिनेगर घेऊनच.

"अ‍ॅसिडने डाग जातो, पण मागोमाग माणूसही जातो," ती पदर खोचत म्हणाली. "सोडा भुरभुरव, वर व्हिनेगर शिंपड, फसफसू दे. मग घास. डाग काय, डागाचा बापही निघेल!"

आणि खरंच निघत होता. मिठात बुडवलेली लिंबाची फोड चोळली, तर नळात तोंड दिसायला लागलं. फक्त कमोडच्या मागचा कोपरा राहिला. तिथे हातच पोचेना. शेवटी आम्ही तो नाद सोडला.

जेवण झाल्यावर आत्या पुन्हा बाथरूमकडे गेली. मी स्वयंपाकघरात भांडी घासायला घेतली. नळ बंद केला, तेव्हा आतून आवाज येत होता...

खस... खस... खस...

बाथरूमचं दार लोटलेलं होतं.

"आत्या, दमली असशील. चहा टाकू का?"

"हं."

"बाबांना करमेल ना गं इथे?"

घासणं थांबलं.

जरा वेळाने...

"हं."

मी चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं.

उघडलं, तर दारात आत्या. घामाघूम. हातात व्हिनेगरची नवी बाटली.

"थेंबभर उरलं नव्हतं, म्हणून दुकानात जाऊन आले. सांगून गेले होते, पण तुझा नळ चालू... अगं, अशी काय बघतेस?"

मी नुसतं बोट दाखवलं.

खस... खस...

आत्याने ते ऐकलं. तिने माझा दंड असा घट्ट धरला, की नखं रुतली.

"कोण आहे आत?"

आवाज बंद.

मग एका बाईचा आवाज आला... दमलेला, अगदी हळू.

"झालंच."

आत्याने दार ढकललं.

आत कुणी नव्हतं.

खिडकीला गज. दुसरी वाट नाही. आमचा ब्रश बादलीवर आडवा, कोरडा ठणठणीत.

पण कमोडच्या मागचा तो कोपरा... पांढराशुभ्र झाला होता.

आणि तिथे सोडा अजून फसफसत होता. घरातलं व्हिनेगर संपलेलं, नवी बाटली आत्याच्या हातात सीलबंद असताना.

"माझ्या भावाला इथे आणायचं नाही," आत्या म्हणाली.

पण नेणार कुठे? तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चार पायऱ्या चढल्या तरी बाबांना धाप लागायची.

घरमालकाला फोन केला. म्हटलं, आधी इथे कोण राहायचं?

"एक जोडपं होतं. गेलं सोडून. का, काही मोडलंय का?"

एवढंच.

बाबा आले. पुढे काहीच घडलं नाही. कुठे खट्ट नाही. मला वाटलं, सुटलो.

एका सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आतून धप्प आवाज झाला. धावत गेले.

बाबा बाथरूममध्ये भिंतीला धरून उभे होते. पायाशी पाण्याचा मग पडलेला.

"पाय सटकला गं. डोकंच आपटलं असतं. बरं झालं, तू मागून धरलंस."

माझे ओले हात दारावरच थिजले.

"हात किती खरखरीत झालेत तुझे," बाबा म्हणाले. "किती राबतेस..."

त्यांच्या मागे नुसती भिंत होती.

"हो, बाबा," मी म्हणाले. त्यांना दुसरं काय सांगणार?

पुढे दोन पावसाळे बाबा आमच्यात होते. झोपेतच गेले. मग आम्ही ते घर सोडलं.

आत्या म्हणते, "कोण का असेना, तिने माझ्या भावाला सावरलं. तिच्याबद्दल वाईट बोलू नकोस."

मी बोलत नाही. पण तिचे आभारही मानवत नाहीत.

कारण त्या सकाळनंतर बाबा बाथरूममधून बाहेर येताना दर वेळी दाराशी क्षणभर थांबायचे. मागे वळून हसायचे. म्हणायचे, "चल, झालं माझं."

मी समोर स्वयंपाकघरात असायचे.

ते माझ्याकडे बघतसुद्धा नसत.