सातव्या पेशंटचा जबडा

"उद्या अकरा वाजता कॉलेजची समिती माझं नाव कापणार आहे, मॅडम." तमन्ना खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती. "शेवटचं वर्ष आहे. म्हणतात, मी आकडे मनाने लिहिले."

यवतमाळात खाजगी तपासाची पाटी लावलेली केतकी ही एकटीच. तिने वही ओढली. शेजारी अनंतकाका होते, भूमापन खात्यातून निवृत्त, केतकीचे मदतनीस.

"कशाचे आकडे, पोरी? मले समजेल असं सांग."

"काका, तोंड उघडलं की कानापुढचं जबड्याचं हाड पुढे सरकतं. किती सरकलं, ते सोनोग्राफीने मोजायचं. पण त्या मोजमापावर भरवसा ठेवावा का, हेच आमचं संशोधन. बारा पेशंट. मी आणि अनिमेष, दोघांनी वेगवेगळं मोजायचं. आठ दिवसांनी पुन्हा."

"आणि?"

"सातवे धनसिंगभाऊ. पहिल्यांदा ११.८ मिलिमीटर, दुसऱ्यांदा ४.१. दिसलं ते लिहिलं. अनिमेषकडे दोन्ही वेळा १२.२."

अनंतकाकांनी डोकं खाजवलं. "आम्ही मोजणीच्या साखळीनं एकच बांध दोनदा मोजो, तं बोटभर फरक ये. पण हा तं निम्म्याहून जास्त!"

वणी रस्त्यावरच्या तमन्नाच्या दंत महाविद्यालयात डॉ. चारुदत्तांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, दोन्ही तक्ते समोर टाकले. "अनिमेषचे बाराही आकडे दोन्ही फेऱ्यांत तंतोतंत. हात असावा तर असा! आणि हिचे बघा, प्रत्येक ठिकाणी थोडे हललेले. सातव्यात तर कहरच."

"मशीन बिघडलं असेल," अनंतकाका पुटपुटले.

"बघूया," केतकी म्हणाली. "डॉ. अनिमेष, आमच्या काकांचा जबडा तीनदा मोजता?"

बाजूला उभा असलेला अनिमेष हसला. काकांच्या कानापुढे गार जेल लागलं तसे ते शहारले. "आ करा." १०.९. मग ११.५. मग ११.१.

"मशीन ठीक आहे," अनिमेष म्हणाला. "तमन्ना जरा घाई करते, एवढंच."

केतकीने बोलावलेला धनसिंग फुलसावंगीहून दुपारच्या बसने आला. गालाला हात लावूनच बसला.

"दुसऱ्या फेरीच्या दिवशी दोघांनीही मोजलं?" केतकीने विचारलं.

"हो ना बाई. सकाळी या डॉक्टरीणबाईनं तोंड उघडाले लावलं तं जीव गेला. दुपारी त्या सायबाकडं गेलतो, तवा काहीच नाही दुखलं."

"सकाळी काहून दुखलं?" काकांनी विचारलं.

धनसिंग चुळबुळला. "आदल्या दिवशी पुसदले दाढ काढलती. दोन मोजण्यांच्या मधात कोणताच इलाज करू नका म्हणत हे डॉक्टर, म्हणून यायले सांगितलं नाही. रागावतीन ना!"

अनंतकाका केतकीच्या कानाशी आले. "म्हणजे तमन्नाचीच चूक. तिनं विचारायले पाहिजे होतं."

"चूक आहे, काका. खोटेपणा नाही."

दुसऱ्या दिवशी, अकराला दहा मिनिटं कमी असताना, सगळे चारुदत्तांच्या खोलीत होते.

"सर, धनसिंगभाऊंनी दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी दाढ काढली होती. दाढ काढल्यावर जबडा आखडतो ना?" केतकीने विचारलं.

"साहजिकच."

"मग दुसऱ्या दिवशी धनसिंगभाऊंचं हाड आठवड्यापूर्वीइतकंच कसं सरकलं? १२.२ ला १२.२?"

अनिमेष उठला. "दुपारपर्यंत सैल झालं असेल!"

"सकाळी तोंड उघडायला लावलं की त्यांचा जीव जात होता. तुमच्याकडे काहीच दुखलं नाही, कारण तुम्ही तोंड उघडायला लावलंच नाही. कानाला यंत्र लावलं, काढलं. आकडा पहिल्या फेरीतून उतरवला."

"एका पेशंटवरून..."

"बारांवरून. काल माझ्यासमोर, याच हाताने, एकाच माणसाचे तीन वेगळे आकडे आले. अर्ध्या तासात. आणि आठ दिवसांनी बारा जणांचे बाराही तंतोतंत? साखळीवालेही सांगतील, खरं मोजमाप थोडं हलतंच."

अनंतकाकांची मान आपोआप ताठ झाली.

अनिमेष खाली बसला. "शोधनिबंध पाठवायची तारीख जवळ आली होती, सर. आकडे जुळले तरच तुम्ही तो पाठवला असता."

चारुदत्तांनी अनिमेषचा तक्ता जवळ ओढला. त्या बारा जोड्यांचं कौतुक त्यांनी स्वतः केलं होतं.

"समितीला मी सांगतो," ते म्हणाले. "तमन्ना, दोन्ही फेऱ्या नव्याने करू. सातव्याच्या जागी दुसरा पेशंट. अनिमेषच्या जागी मी मोजीन."

तमन्नाने ओढणीने डोळे पुसले. "सर, तुमचे आकडे माझ्याशी जुळले नाहीत तर?"

"तर तसंच छापू."