न कापलेली पानं

गुरुवारी दुपारी आम्ही नऊ बाया चॅपलच्या मागच्या खोलीत विणायला बसायचो. नवरे हेरिंग मासळीच्या मागे समुद्रावर, त्यांचे जाड निळे स्वेटर आमच्या सुयांवर. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी विणायचं. १८६१च्या त्या वसंतात आम्ही खडक आणि जीवाश्मांवरचं पुस्तक आणलं होतं. इंग्लंडात, यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, आमचं स्टेनविक गाव एवढंसं. पण पुरुषांचं विज्ञानमंडळ होतं, आणि त्याच्या कपाटातून मंडळाचे प्रमुख डॉक्टर प्रूडो यांनी ते कुरकुरत दिलं होतं.

वाचायची टॅबिथा स्टोर. मासे खारवून पोट भरणारी तिशीतली विधवा, आवाज खणखणीत.

तेव्हा नव्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेली असायची. ती सुरीनं कापायचं काम माझं. त्या दिवशी मला उशीर झाला. दारातूनच तिचा आवाज ऐकू आला.

“ओढ्यापासून चाळीस पावलं. पांढऱ्या थराखाली तो पडला आहे. लांबी सोळा फूट. मान जमिनीकडे वळलेली.”

“टॅबिथा, सुरी माझ्या खिशात आहे,” मी म्हणाले. “तू वाचतेस काय?”

तिनं खाली पाहिलं. पानं जोडलेलीच होती. मी कापली. आत शिंपल्यांची माहिती होती. ओढा नाही, पांढरा थर नाही.

“हॅना, मला दिसत होतं गं,” ती म्हणाली. “अक्षरं दिसत होती.”

सगळ्यांत थोरल्या डॉर्कसकाकूंनी सुया थांबवल्या नाहीत. “ओढा आपलाच असणार, आणि पांढरा थर समुद्राकाठच्या कड्यातला. ओहोटीला बघून येऊ, त्यात काय!”

आमचा बेत कानावर येताच डॉक्टर हसले. “बायका कडा खणणार? काही निघालं नाही, तर पुस्तकं बंद. मोजे विणत बसा.”

“आणि निघालं तर?” काकूंनी विचारलं.

“तर मंडळात खुर्च्या देतो! नऊच्या नऊ!”

तीन दिवस, ओहोटीच्या वेळी, नऊ बाया कुदळी घेऊन कड्याशी भिडलो. हात फुटले. रस्त्यावरून टोमणे येत होते. तिसऱ्या दुपारी काकू ओरडल्या, “अगं, दात!”

एकेक दात माझ्या बोटाएवढा. मग जबडा, बरगड्या, वल्ह्यासारखे पाय. सोळा फूट. मान जमिनीकडे.

तो दगड झालेला सांगाडा आम्ही मासळीच्या गाड्यांवरून मंडळाच्या दिवाणखान्यात नेला. टॅबिथा सभासदांपुढे कागदाशिवाय तासभर बोलली. आधी एक म्हातारा उठला, मग सगळेच उभे राहिले, टाळ्या थांबेनात. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं नऊ नावं सभासदांच्या वहीत लिहिली. मला रडू आलं. काकू नुसत्या म्हणाल्या, “खुर्च्या गादीच्या हव्यात हं, डॉक्टरसाहेब.”

पुढच्या सोमवारी मंडळाला खणलेली जागा पाहायची होती. आम्ही पुढे, पुरुष मागे. ओढ्यापासून चाळीस पावलं मोजली.

खड्डा नव्हता.

कडा सपाट उभा होता. पांढरा थर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

“जागा चुकली,” डॉक्टर म्हणाले.

जागा चुकली नव्हती. आमची मोडकी कुदळ तिथेच वाळूत होती.

मी कड्यावरून हात फिरवला. दगडावर समुद्री शिंपले गच्च बसले होते. असे वाढायला कित्येक वर्षं लागतात. म्हणजे इथे कुणी खणलंच नव्हतं, आणि सांगाडा तर मंडळाच्या दिवाणखान्यात पडला होता.