मागून येणारे

सासूबाईंचं मन वळवायचं काम बायकोनं नवऱ्यावर सोपवलं, यातच खरी गंमत होती. कारण हा माणूस कवळ्या बनवणारा. दिवसभर लोकांच्या दातांच्या साच्यांशी गाठ, आणि साचे काही गप्पा मारत नाहीत. त्यामुळे यालाही तोंड उघडायची सवय फारशी उरली नव्हती.

"उद्या सकाळच्या गाडीनं ती परत जाते म्हणतेय," हॉस्पिटलात ड्यूटीला निघताना बायको दारात चपला सरकवत म्हणाली. "त्या रिकाम्या घरात! बाबा गेल्यापासून धड जेवत नाही रे ती. आज तिला आपल्या गल्ल्यांतून हिंडव, काहीबाही खायला घाल. तिला इथं करमेल असं वाटलं पाहिजे."

"अगं, पण मला कुठं बोलता येतं?"

"बोलू नकोस. खायला घाल."

हे मात्र जमण्यासारखं होतं. त्यांची वस्ती म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या गल्ल्यांचं जाळं. दगडी फरशा, मधेच चार पायऱ्या, गाडीला आत शिरायला वाव नाही. जे काही करायचं ते पायी. आणि पायी चालणाऱ्याला तिथे नाकच वाट दाखवत असे. एका वासातून बाहेर पडावं तो दुसरा समोर उभा. उन्हं उतरल्यावर सासूबाई पदर खोचून, पर्स काखेत दाबून तयार झाल्या. उभं आयुष्य त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची खानावळ चालवलेली. दुसऱ्याच्या हातचं खाताना त्यांची भिवई आपोआप वर चढे.

"चला जावईबापू," त्या म्हणाल्या. "बघू तुमच्या गल्लीत काय शिजतंय ते."

पहिला थांबा बेकरीचा. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या ताज्या पावांचा वास रस्ताभर सांडला होता. बेकरीवाली हसतमुख, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. तिनं कागदावर गरम बनपाव ठेवून पुढे केले. जावयाने पाहिलं, तर तीन.

"दोनच द्या," तो म्हणाला.

"आणि ते बाहेर थांबलेत, त्यांना नको?"

जावयाने वळून पाहिलं. बाहेर दिव्याचा खांब होता, आणि खांबाला टेकून एक मांजर.

"मांजराला देत असतील बाई पाव," सासूबाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण हसून झाल्यावर त्यांनाच जरा नवल वाटलं. त्यांनी पाव मोडला, हुंगला, खाल्ला. भिवई वर गेली नाही. जावयाने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तिथून सूपवाल्याकडे. चिंचोळी जागा, लाकडी बाकं, वाफेनं धुरकटलेल्या काचा. म्हातारा सूपवाला थाळीत वाडगे घेऊन आला आणि एकेक करून मांडू लागला. एक सासूबाईंपुढे, एक जावयापुढे. आणि तिसरा जावयाच्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढे.

"आजोबा... आम्ही दोघंच आहोत."

"हो, ते हात धुवायला गेलेत ना. येतील." म्हाताऱ्यानं वाडग्यावर बशी झाकली. "गार होऊ नये म्हणून."

सासूबाईंचा चमचा तोंडाशी थांबला. जावयाला वाटलं, झालं, आता या घाबरणार, उठणार, उद्याची गाडी आजच पकडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उजळत गेलं की तो बघतच राहिला.

"ह्यांची खोडच ही," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "कुठंही निघालो की मी पुढं आणि हे मागं. वळून बघावं तर कधी पानवाल्याशी गप्पा, कधी हात धुवायला गायब. मी आपली ताट झाकून बसायची."

"आई, तसं काही..."

"तुम्ही सूप प्या. चांगलं झालंय."

त्यांनी स्वतःचा वाडगा संपवला. जावयाचं लक्ष मात्र त्या झाकलेल्या वाडग्यावर होतं. शेवटी तो उठला आणि मागच्या बोळकंडीत हात धुवायच्या जागेपाशी गेला. तिथे कुणी नव्हतं. नळ वाहत होता. त्यानं तो बंद केला. ओले कपडे बंद खोलीत वाळत घालावेत तसा कोंदट वास तिथे भरून राहिला होता. तो परत वळला, आणि दोन पावलं गेला असेल नसेल, तोच मागे पाणी पुन्हा वाहू लागलं. त्यानं मागे पाहिलं नाही. सरळ सासूबाईंजवळ येऊन बसला आणि घटाघटा सूप प्यायला.

यापुढे मात्र सगळी सूत्रं सासूबाईंच्या हाती गेली. जावई त्यांना हिंडवायचा सोडून त्याच त्याला हिंडवू लागल्या. भाजलेल्या दाण्यांची पुडी घेतली, आमलेटवाल्याशी कांदा किती बारीक हवा यावर हुज्जत घातली, लोणचीवालीकडून चव घ्यायला म्हणून तळहातावर इतकं लोणचं घेतलं की तिनंच हात जोडले. गाल लाल, डोळ्यांत पाणी, वर "छान आहे हो तुमची वस्ती!" जावयाला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि यातलं जास्त काय हे त्याला सांगता आलं नसतं.

दिवेलागणीला दोघं पायऱ्यांच्या उताराशी पोचली. तिथे एक मासे तळणारा बसे. तवा चुरचुरत होता. सासूबाईंनी या वेळी स्वतःच विचारलं, अगदी सहज, शेजारणीला विचारावं तसं.

"का हो, आमचे मागून येणारे कुठवर आलेत?"

मासेवाल्यानं उलथन्यानंच दाखवलं. "हे काय, बसलेत की पायरीवर."

पायरी रिकामी होती. जावयाच्या पायांपासून हातभरही लांब नव्हती.

सासूबाई पायरीकडे वळल्या. पदर सारखा केला. "नुसते मागं मागं काय फिरता?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एखाद्या नव्या नवरीसारखा झाला होता. "लेकीचं घर आहे, परकं नाही. त्या कोपऱ्यावरची इमारत, वरचा मजला, हिरवं दार. या हक्कानं. मी आता तिथंच आहे."

*मी आता तिथंच आहे.* जावयाने ऐकलं. म्हणजे काम फत्ते झालं होतं! त्याला वाटलं, सासरेबुवा खरोखरच आले असतील तर येऊ देत बापडे. जिवंतपणी त्यांनी कधी कुणाला दुखावलं नव्हतं, मेल्यावर काय दुखावणार?

सासूबाईंचे गुडघे बोलू लागले होते, म्हणून किल्ली घेऊन त्या पुढे घरी गेल्या. जावई बायकोसाठी आइस्क्रीम घ्यायला कोपऱ्यावर थांबला. आइस्क्रीमवाली ओळखीची, संध्याकाळभर तिच्या काचेसमोरून त्यांची ये-जा तिनं पाहिली होती.

"आज पाहुण्यांना घेऊन स्वारी निघाली होती वाटतं," ती डबा भरता भरता म्हणाली. "आणि ते दुसरे कुठं गेले?"

जावयाने ओठांवरून जीभ फिरवली. आता विचारून टाकू, असं त्याला वाटलं. सासूबाईंना सांगता येईल. त्यांना बरं वाटेल. "कसे होते हो ते दिसायला? बुटके, गोल, टक्कल पडलेले... असेच ना?"

"छे हो! टक्कल कसलं? चांगले दाट केस. पण ओलेचिंब, नुसते निथळत होते. पाऊस नाही, काही नाही... म्हटलं, हे कुठून भिजून आले?"

"सासूबाईंच्या मागं मागं चालले होते... हो ना?"

"नाही. तुमच्या मागं. अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. तुम्ही वळलात की तेही वळायचे." मग हसून तिनं डब्याचं झाकण दाबलं. "तुम्ही सांगितलं नाहीत कधी, जुळा भाऊ आहे म्हणून."

त्याला भाऊ नव्हता. जुळा नाही, मोठा नाही, धाकटा नाही.

घराचा जिना तो कसा चढला हे त्याचं त्यालाच आठवत नाही. दार उघडलं तर सासूबाई स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या आणि मसाल्याचे डबे आपल्या सोयीनं लावत होत्या. "हे असं ठेवतात का तिखट-मीठ? मी राहणार म्हणजे हे बदलणार हं!" त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की त्यानं तोंडाशी आलेलं गिळलं. सांगून करायचं काय? त्यानं सगळे दिवे लावले. सगळ्या खोल्या पाहिल्या, पलंगाखालीसुद्धा. कुठेही काही नव्हतं. मग मात्र त्याला स्वतःचंच हसू आलं. आइस्क्रीमवालीची काच, तिच्यावर पडलेलं आपलंच प्रतिबिंब. दुसरं काय असणार?

थोड्या वेळानं बायको आली. आई राहणार हे कळताच तिनं चपलांसकट आत धाव घेऊन आईला मिठी मारली, मग नवऱ्याला, मग पुन्हा आईला. "कसं जमवलंस रे?" ती म्हणाली, आणि डोळे पुसत, "दोन मिनिटं पाठ टेकते, तोवर वाढा," म्हणत आतल्या खोलीत गेली. दिवा तिनं मालवलेला दिसला.

जावई वाट्यांत आइस्क्रीम काढत होता. सासूबाई लोणचीवालीची नक्कल करत होत्या, आणि तो मनापासून हसत होता, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

तेवढ्यात अंधाऱ्या खोलीतून बायकोचा आवाज आला. झोपाळू, लाडिक.

"अरे... केस तरी पूस आधी. उशी भिजतेय सगळी..."

सासूबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी ओट्यापाशी चमचा धरून उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं. त्याच्या कोरड्या केसांकडे पाहिलं.

आत बायको हळूच हसली. कुणीतरी कानात काही सांगितल्यावर हसावं तशी.