दोनशे कशाचे?

लीलाचं पोट त्या संध्याकाळी पाडायचं ठरलं होतं. कुसुम रणदिवे मुंबईहून सुरतेच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा दुपार झाली होती.

लीला तिथलं रोग्यांना किरणं द्यायचं कोबाल्ट यंत्र चालवायची. राहायला लिंबायतला, नवरा लूमवर, तिला चौथा महिना. किरणं मोजायचा तिच्या छातीवरचा बिल्ला तपासणीला मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला आणि तिथून फोन आला: मात्रा फार आहे, बाईला कामावरून थांबवा, आकडा घेऊन आमच्या अधिकारी येताहेत.

त्या अधिकारी म्हणजे कुसुमताई. मूर्ख माणसांचा त्यांना राग नव्हता. मूर्ख असून खुर्ची अडवणाऱ्यांचा होता.

खुर्चीत डॉ. देवरे होता. मूळ धुळ्याकडचा, पण अहिराणीत हाक मारली तर ओ द्यायचा नाही. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी हा पहिल्या गाडीने पळाला आणि परत आल्यावर यानेच धैर्यावर भाषण ठोकलं.

“बेजबाबदार बाई,” तो म्हणाला. “यंत्र चालू असताना आत शिरली असणार. बिल्ल्यावर दोनशे मिलिसीव्हर्ट. गर्भाचं काय राहणार? गर्भपाताची चिठ्ठी मीच लिहून दिली, माणुसकी म्हणून.”

कुसुमताईंनी पर्समधलं बंद पाकीट चाचपलं आणि त्या उठल्या.

लीला बाहेर बाकावर बसली होती.

“ताई, मी आत गेलेच नाही. मना लेकरूनं काय व्हई?”

“आधी रक्त दे तपासायला. डॉक्टरांशी भांडण झालं होतं?”

“दार उघडलं की यंत्र आपोआप बंद पडायला पाहिजे. पडत नाही. म्हटलं, दुरुस्त करा, नाहीतर मुंबईला कळवते.”

“दुरुस्तीला किती दिवस यंत्र बंद राहिलं असतं?”

“महिनाभर तरी.”

“रात्री बिल्ला कुठे असतो?”

“इथेच, खिळ्याला.”

“यंत्राची किल्ली?”

“साहेबांकडे एक. प्रज्ञेशभाईंकडे एक.”

प्रज्ञेश तिथला भौतिकतज्ज्ञ. घाबरट माणूस, पण कामात चोख. यंत्राच्या खोलीत पिवळं पडलेलं कार्ड चिकटवलं होतं: एका रोग्याची रोजची मात्रा, २०० रॅड. कुसुमताईंनी दाराचा स्विच पाहिला. तो तारेने बांधून टाकला होता.

“हे दोनशे रॅड सीव्हर्टमध्ये किती?”

“शंभर रॅडचा एक ग्रे, बेन. कोबाल्टच्या किरणांना एक ग्रे म्हणजे एक सीव्हर्ट धरायचा. एटले दोनशेचे दोन सीव्हर्ट. दोन हजार मिलि.”

तोच प्रश्न त्यांनी देवरेला विचारला. तो हसला.

“रॅड काय, रेम काय, मिलिसीव्हर्ट काय. नुसती नावं बदलतात. कारकुनांनी पाठ करावीत.”

रक्ताचा अहवाल येताच कुसुमताईंनी तिघांना एका खोलीत बसवलं आणि पाकीट फोडलं.

“बिल्ल्यावर दोन सीव्हर्ट आहेत. एवढी मात्रा एकदम अंगावर आली असती तर लीला त्याच दिवशी ओकली असती आणि आज रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळलेल्या दिसल्या असत्या. तिचं रक्त साफ आहे. किरणं बिल्ल्याने खाल्ली, बाईने नाही. खिळ्यावरचा बिल्ला काढून कुणीतरी तो यंत्राखाली ठेवला. किल्ल्या दोघांकडे.”

प्रज्ञेशला घाम फुटला.

“तू नव्हेस,” त्या म्हणाल्या. “फोनवर आकडा कुणालाच सांगितला नव्हता. तो मला ठाऊक होता आणि या पाकिटात होता. पाकीट मी आत्ता फोडलं. पण डॉक्टर, तुम्ही मला दुपारीच दोनशे सांगितलेत. दोनशे कशाचे? कागदावर दोनशे कुठेच नाहीत. दोनशे आहेत ते त्या कार्डावर, रॅडमध्ये. मर्यादेच्या वर आकडा यावा, बाई निष्काळजी ठरावी आणि दाराची तक्रार तिच्याबरोबर हाकलली जावी, एवढाच तुमचा बेत. पण तुमच्या लेखी रॅड आणि मिलिसीव्हर्ट सख्खे भाऊ. दहापट चुकलात. लबाडी करायलाही अक्कल लागते.”

देवरेने रुमाल काढला.

“नोकरी जावी, एवढंच मनात होतं. पोटाचं मला ठाऊक नव्हतं.”

“चिठ्ठी लिहिताना ठाऊक होतं. बाईला काही झालेलं नाही, हेही तुम्हालाच ठाऊक होतं. तरी स्वतःची कातडी वाचवायला सही केलीत.” कुसुमताईंना त्याच्याकडे बघवेना. “यंत्राला आजच सील लागेल. पोलिसांना मी बोलावलंय.”

तेव्हा कुठे देवरे लीलाकडे वळला. “आकड्यात चूक झाली, लीला.”

लीला उभी राहिली. दोन्ही हात तिने पोटावर धरले होते.

“साहेब, आकडा बरोबर आला असता, तर माझं रक्त कुणी तपासलंच नसतं. आज रिकामी होऊन घरी गेले असते.”