फ्रिजमधली नाचणी

"फ्रिज आहे," असं पुटपुटत घरकुलाच्या पाहणीला आलेल्या जयराजनं उंबऱ्यावरूनच मोबाइलवर बोट टेकवलं आणि माहिती पाठवून दिली.

"आवं साहेब, दार उघडून तरी बघायचं की."

त्यानं मान वर केली. केसांवरचे पावसाचे थेंब ओढणीनं टिपत एक मुलगी दारात उभी होती. नजर मात्र त्याच्यावरच रोखलेली. जयराजला पुस्तकात डोकं घालून बसायची सवय. कुणी असं थेट पाहिलं की त्याला शब्दच सुचत नसत.

संयोगिता तिचं नाव. तिनं फ्रिजचं दार ओढलं. आत दिवा लागला नाही. वरच्या कप्प्यात नाचणीचं पीठ, मधल्यात लुगडी, खाली तलाठी परीक्षेची दोन पुस्तकं. तिची आई धोंडुबाई पाचगणीला एका हॉटेलात भांडी घासायची. तिथं भंगारात निघालेला हा फ्रिज तिनं पाटणच्या वर, या वाडीत आणला होता.

"ह्यात उंदीर शिरत न्हाईत," धोंडुबाई कौतुकानं म्हणाली. "लय गुणाचा हाय."

घरकुलाच्या यादीत फ्रिजवालं घर गरीब धरत नसत. मागची भिंत बांबूच्या टेकूवर उभी होती, आणि त्याच्या एका बोटानं हे घर यादीबाहेर गेलं होतं.

"दुरुस्ती आता ग्रामसभेतच... शुक्रवारी," तो म्हणाला. "चूक माझी, हे सगळ्यांसमोर सांगावं लागेल. मी कंत्राटी माणूस. कदाचित काढून टाकतील."

"मग?"

"मग... सांगेन."

संयोगिता पहिल्यांदा हसली. "आमी फ्रिज घिऊन येतो."

"फोटो चालेल की."

"ह्यात उंदीर शिरत न्हाईत, हे फोटोत कसं दिसंल?"

शुक्रवारी चिखलाच्या पायवाटेनं फ्रिज चढू लागला. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. दोघांच्या मध्ये फ्रिज, त्यामुळे जयराजला बोलायला धीर आला.

"खालच्या कप्प्यात जागा आहे का? माझ्याकडे त्याच परीक्षेची पुस्तकं आहेत."

"तुमच्या गावाहून, कुंडलहून, एवढ्या लांब आणणार?"

"एकेक करून आणीन म्हणतो..."

"हायत किती?"

"सतरा."

फ्रिजपलीकडून हळूच उत्तर आलं — "मावतील."

ग्रामसभा भरलेल्या देवळात हशा पिकला. "फ्रिजवाली आली रं," कुणीतरी म्हणालं. जयराज उभा राहिला, फ्रिजचं दार उघडून म्हणाला, "मी आत न बघता लिहिलं. चूक माझी आहे. शिक्षा या घराला नको." पीठ दिसलं, लुगडी दिसली. हशा विरला. आधी एका म्हातारीनं हात वर केला, मग ओळीनं सगळ्यांनी. घर पुन्हा यादीत घ्यायचा ठराव झाला. नोकरीचं काय ते सोमवारी कळणार होतं.

पायरीवर बसून त्यानं माहिती नव्यानं भरायला घेतली.

"घरात माणसं किती?"

"सध्या दोन."

त्याचं बोट थबकलं. "सध्या... असा रकाना नाही यात."

"मग तेवढं मोबाइलबाहेर ठेवा," संयोगिता म्हणाली, आणि तिनं फ्रिजची आपली बाजू उचलली.