चहात भिजवलेली दोरी

ज्या दोरीवर माणसाचा जीव टांगलेला असतो, ती जुनी झाली हे त्याला सांगण्याचा पहिला अधिकार त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाचा असतो. आणि पुष्कळदा नेमके तेच माणूस गप्प राहते. त्या गप्प राहण्यात माया असते, भीती असते, समोरच्याचा मान राखण्याची धडपडही असते. परंतु झाडाच्या शेंड्यावर यांपैकी काहीच माणसाला धरून ठेवत नाही. तेथे धरते ती केवळ दोरी. सुट्टीत मामाच्या घरी जमलेल्या मुलांना हे उमगले, तेव्हा त्यांना असले काही शिकायचे नव्हते. त्यांना चोर पकडायचा होता.

"हिला चहाचा वास येतोय," भिंग म्हणाला आणि त्याने दोरी पुन्हा नाकाशी धरली.

भिंग दहा वर्षांचा होता. जाड चष्मा कमी पडतो की काय, म्हणून तो खिशात एक भिंगही बाळगत असे. नाव त्यावरूनच पडले होते. त्याची थोरली बहीण वकीलबाई. उलटतपासणी घेतल्यावाचून ती कोणतीच गोष्ट मान्य करीत नसे, त्यामुळे ही पदवी तिला कोणतीही परीक्षा न देता मिळाली होती. तिसरा टिल्लू, मामाचा मुलगा. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे, म्हणून त्याला काही सांगायचे नाही असा दोघांचा नियम होता आणि तो रोज मोडत असे.

तिघे घरामागच्या अवजारांच्या खोलीत उभे होते. भिंतीवर दोरांची वेटोळी, करवती, हेल्मेट आणि कोपऱ्यात भुशाची पोती. मामाचा धंदा झाडे छाटण्याचा. शिडी जेथे हात टेकते, तेथून पुढे मामाचे काम सुरू होई. उंच फांदीवरून सोडलेला मुख्य दोर, कमरेला रुंद पट्टा आणि या दोहोंना जोडणारी हातभर लांबीची, करंगळीएवढ्या जाडीची एक दोरी. ही आखूड दोरी मुख्य दोराभोवती वेढे घालून बांधलेली असे. अंगाचा भार पडला की वेढे आवळून दोर घट्ट धरीत. हाताने किंचित सैल केले की सरकत. मामा तिला वेढ्याची दोरी म्हणे. वर जाणे, खाली येणे, मध्येच लटकून करवत चालवणे, सारे तिच्या भरवशावर.

"चहा सांडला असेल," टिल्लूने निकाल दिला.

"सांडला तर डाग पडतो. ही सगळीकडून सारखीच तपकिरी आहे," वकीलबाई म्हणाली. "ते आवरण जरा मागे सार बघू."

दोरीच्या टोकाला शिवण होती आणि तिच्यावर रबराचे लहानसे आवरण. भिंगाने ते नखाने मागे सारले. आवरणाखाली दोरी कोवळ्या पानासारखी हिरवीगार निघाली.

वकीलबाईने त्या हिरव्या टोकापासून खाली बोट फिरवले. काल संध्याकाळी मामाने पट्टा खुंटीला अडकवला, तेव्हा तिने सहज या दोरीवरून बोट फिरवले होते. वेढे बसतात ती जागा तेव्हा काचेसारखी चकचकीत आणि वाळल्या काटकीसारखी कडक लागली होती. आज तीच जागा मऊ, खरखरीत होती. म्हणजे दोऱ्या दोन होत्या, आणि रात्रीतून कोणीतरी एक काढून दुसरी लावली होती. जुन्या वस्तूला रंग फासून ती नवी म्हणून खपवणारे लोक तिला ठाऊक होते. नव्या वस्तूला जुनी करणारा माणूस मात्र तिने अद्याप पाहिला नव्हता. असे कोण करील, आणि कशासाठी?

संशयाची सुई तत्काळ लांब्यावर गेली. लांब्या हा मामाचा नवा मदतनीस. मामा झाडावर असताना तो खाली दोर सांभाळी. दारातून येताना त्याला वाकावे लागे आणि बोलताना त्याचे शब्द कोणी मोजून दिल्यासारखे येत. तो रोज काखेत चहाचा थर्मास घेऊन येई. एवढा पुरावा भिंगाला पुरेसा वाटला. शिवाय मामाही त्याच्यावर नाराज होता. हा आल्यापासून माझी दोरी बिघडली आहे, असे तो मामीला जेवताना सांगत होता. संध्याकाळी लोण्यासारखी सरकणारी दोरी सकाळी आडमुठी होते. हा तिला हात लावत असला पाहिजे. उद्याचे काम झाले की दुसरा माणूस बघतो. ते ऐकून मामी पाणी आणायला उठली होती.

आणि उद्याचे काम साधे नव्हते. वाचनालयाच्या आवारातल्या जुन्या शिरीषाची एक अवजड फांदी वाळून छपरावर झुकली होती. तशा उंचीवर मामा दिवसभर टांगलेला राहणार होता.

"तो मामाला पाडणार आहे?" टिल्लूचा आवाज बारीक झाला.

"तेच तर शोधायचंय," वकीलबाई म्हणाली. "आणि तू तोंड मिटून ठेवायचंस."

त्या दिवशी मामाला सुट्टी होती, परंतु दुपारी लांब्या करवतींना धार लावायला आला. तिघे भुशाच्या पोत्यांमागे दबा धरून बसले. लांब्याने धार लावली, मग मागे वळून पाहिले, दाराकडे पाहिले आणि मामाचा पट्टा खुंटीवरून उतरवला. वेढ्याची दोरी त्याने बोटांत वाकवली. नाकाशी नेली. मान हलवली आणि पट्टा होता तसा अडकवून ठेवला. तेवढ्यात भुसा टिल्लूच्या नाकात गेला आणि तो जोरात शिंकला.

"कोण आहे?" लांब्याने विचारले.

"कोणी नाही," टिल्लू म्हणाला.

"बरं," असे म्हणून लांब्या वाकून दाराबाहेर पडला.

त्याच्या या शांतपणाने वकीलबाईचा संशय अधिकच गडद झाला. परंतु पोत्यांमागून उठताना तिला फळीच्या कडेला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. आत वेढ्याच्या दोऱ्या होत्या. सगळ्या वापरलेल्या, सगळ्या अखंड. आणि सर्वांत वर कालची ती चकचकीत दोरी. आता तिला मामाचेच बोलणे आठवले. लांब्याला काम शिकवताना तो सांगत होता की वेढ्याची दोरी मुख्य दोराच्या कितीतरी आधी झिजते, आणि ती कधी बदलायची हे दिनदर्शिकेला विचारायचे नसते. प्रत्येक चढाईआधी डोळ्यांना आणि बोटांना विचारायचे. वेढ्यांच्या जागी चकाकी आली, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने धागे वितळले. कडकपणा आला, जाडी कमीजास्त लागली, वरची वीण फाटून आतला गाभा दिसू लागला, वेढे उशिरा धरू लागले, यांतले एक जरी आढळले तरी दोरी गेली. आणि गेलेली दोरी तुकडे करूनच टाकायची. नाहीतर कोणीतरी ती उचलतो आणि पुन्हा वापरतो.

मग या दोऱ्यांचे तुकडे का झाले नव्हते?

उत्तर शोधण्याची युक्ती भिंगाला सुचली. त्याच्या खेळण्यांत शिक्क्याच्या जांभळ्या शाईची एक गादी होती. त्याने ती शाई डब्याच्या झाकणाला, खालच्या कडेने, वरून दिसणार नाही अशी फासली. दोरीला मात्र शाईचा थेंबही लागू द्यायचा नाही, अशी ताकीद वकीलबाईने दोनदा दिली. डबा जागेवर गेला. आता ज्याची बोटे रंगतील, तो चोर.

संध्याकाळी लांब्या धार लावलेल्या करवती बांधून ठेवायला पुन्हा आला. निघताना त्याने मुलांना हात हलवून निरोप दिला. हात स्वच्छ होता. भिंगाचा चेहरा पडला.

रात्रीच्या जेवणाला मामा बसला. त्याने ताट पुढे ओढले आणि वकीलबाईचा घास हातातच राहिला. मामाच्या बोटांवर जांभळे ठसे होते. पेन गळले वाटते, असे तो स्वतःशीच पुटपुटला. म्हणजे मामाच! आपली दोरी तो आपणच बदलत होता. डब्यातली झिजलेली काढून पट्ट्याला लावीत होता. वकीलबाईला हे पचते न पचते तोच मामी वाढायला वाकली. तिचा अंगठाही जांभळा होता. मुले आपल्या हाताकडे पाहत आहेत हे लक्षात येताच तिने तो हात पुसण्याच्या फडक्यात लपवला.

टिल्लूने तोंड उघडले. भिंगाने त्यात एक मोठा घास कोंबला.

पायरीवर बसून तिघांनी हिशेब जुळवला. मामा नवी दोरी काढून जुनी लावतो. मामी जुनी काढून नवी लावते, आणि त्याला कळू नये म्हणून नवीला चहात भिजवून जुनी करते. दोन्ही दोऱ्या त्याच डब्यातून जा-ये करतात. दोघे एकमेकांना एक शब्द बोलत नाहीत आणि दोष मात्र लांब्याच्या माथी. भिंगाचे म्हणणे पडले की मामीला सगळे सांगावे. वकीलबाईला ते पटले नाही. मामीला सांगण्यासारखे काहीच उरले नव्हते, आणि मामा हसण्यावारी नेणार हे उघड होते. सांगून न ऐकणाऱ्या माणसाला दाखवावे लागते. परंतु उद्या सकाळी त्याचा हात पुन्हा त्या डब्यात जाणार होता, त्याआधी तेथे पोहोचायला हवे होते.

सकाळी मामा अवजारांच्या खोलीत आला, तो खोलीच्या तुळईवरून मुख्य दोर सोडलेला आणि खाली भुशाची पोती पसरलेली. मुलांच्या सांगण्यावरून दोर बांधून लांब्या दारात उभा होता. मामीही चहाचा कप हातात घेऊन थबकली.

"मामा, टिल्लू म्हणतो, तुला तुझी दोरी डोळे मिटून ओळखता येणार नाही," वकीलबाई म्हणाली.

"हा म्हणतो?" मामा हसला. "बांध पट्टी."

डोळ्यांवर रुमाल बांधून तिने त्याच्या हातांत दोन दोऱ्या दिल्या. मामाला क्षणही लागला नाही. चकचकीत दोरीवरून त्याने अंगठा फिरवला.

"ही माझी. ही दुसरी आडमुठी, कोणीतरी वात्रटपणा केलाय."

"मग तुझ्या दोरीवर बसून दाखव. इथेच, गुडघ्याएवढ्या उंचीवर."

सवयीच्या हातांनी मामाने कमरेला पट्टा कसला, वेढे घातले, कडी अडकवली, भार टाकला आणि पाय उचलले. दोरीने त्याला धरले. झाडावर करवत चालवताना हलतो तसा तो एकदा हलला. वेढ्यांतून बारीकसा चिरका आवाज आला आणि मामा सरळ भुशाच्या पोत्यांवर बसला.

कोणी हसले नाही. टिल्लू हसणार होता, पण त्याने आईचा चेहरा पाहिला.

"दोर कोणी सोडला?" रुमालाआडून मामाने विचारले.

"दोर तुळईला बांधलाय, दादा," लांब्या म्हणाला. "कोणी हात लावला नाही."

"मामा, वेढे बसतात तिथे हात लाव," वकीलबाई म्हणाली. तिने उलटतपासणी सोडली नाही. "कसं लागतंय?"

"गुळगुळीत."

"आणखी?"

मामाने अंगठा पुन्हा फिरवला. "कडक."

"लांब्यादादाला तू काय सांगितलं होतंस?"

मामाने रुमाल खाली ओढला. हातातल्या दोरीकडे तो असा पाहत राहिला, जणू ती प्रथमच पाहत होता. सुरळीत सरकते म्हणून जिला तो गुणाची समजत आला होता, तिचे सरकणे हाच तिचा रोग होता. दुसऱ्याच्या दोरीत त्याने तो लांबून ओळखला असता.

"मी बदलत होते," मामी म्हणाली. तिने जांभळा अंगठा लपवला नाही. "रोज."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ही दोरी माझा हात ओळखते. मग मी नवीला चहात बुडवलं. म्हटलं, निदान डोळ्यांना तरी जुनी वाटेल."

मामाने लांब्याकडे पाहिले. लांब्या जमिनीकडे पाहत होता. रोज सकाळी एक दोरी दिसे आणि झाडाखाली दुसरीच, हे त्याच्याही ध्यानात आले होते. पण त्याला तो घरचा मामला वाटला होता. मामाने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्यासाठी त्याला टाचा उंचवाव्या लागल्या. मनात उगाच तुझ्याबद्दल वाईट आणले, असे तो सर्वांदेखत म्हणाला, आणि पुढे जो कोणी खाली उभा असेल त्याने दिसेल ते तोंडावर सांगायचे, हेही.

"आता ही चहावाली लावायची?" भिंगाने विचारले.

मामाने ती दोरी हातात घेऊन वास घेतला. "चहाने दोरीला काय होतं, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणजे शंका आली. शंका आली म्हणजे हीसुद्धा गेली." मग तो मामीकडे वळला. "आणि वर चढणाऱ्याची दोरी त्याला न सांगता बदलायची नाही. नवी वेगळी धरते. हाताला आधी कळावं लागतं."

मामीने मान डोलवली. तिने कपाटातून न उघडलेले एक पाकीट आणून त्याच्या हातात दिले, या वेळी उघड.

डबा खाली आला. पहिली दोरी कापताना मामाचा हात अडला. तिने त्याला कितीतरी झाडांवर सांभाळले होते. मामीने तिचे दुसरे टोक धरले, आणि कात्री चालली. तुकडे टिल्लूने टोपलीत भरले. नव्या दोरीवर मामा त्याच गुडघ्याएवढ्या उंचीवर पुन्हा पुन्हा बसला, हलला, सरकला, थांबला. तिचा स्वभाव हाताला ओळखीचा झाल्यावरच तो वाचनालयाकडे निघाला.

दुपारपर्यंत वाळकी फांदी दोराला बांधून, तुकड्या-तुकड्यांनी, अलगद खाली उतरली. छपराचे एक कौलही हलले नाही. वाचनालयाच्या वृद्ध ग्रंथपालांनी कामाची तारीफ केली, तेव्हा मामाने वकीलबाईला पुढे केले आणि आज आपण सुखरूप आहोत ते हिच्या संशयामुळे, असे सांगितले. तारीफ ऐकून ती लाजली नाही. ग्रंथपालांची शिडी डगमगते आहे, ती कधी बदलणार, एवढेच तिने विचारले.

संध्याकाळी मामा चढाई संपवून उतरला, तेव्हा मामी झाडाखाली उभी होती. त्याने पट्टा सोडला आणि वेढ्याची दोरी प्रथम तिच्या हातात दिली. तिने वेढ्यांच्या जागेवरून सावकाश बोट फिरवले आणि मान हलवली: अजून चांगली आहे.

जे उंच चढतात, त्यांच्या हातांना सत्य सांगणारी बोटे लाभोत. जे खाली उभे राहतात, त्यांच्या जिभेला धीर लाभो. आणि या घरातल्या सर्वांची पावले रोज संध्याकाळी सुखरूप जमिनीला लागोत.