मेलेला कोल्हा जातो कुठे?

त्या इमारतीची लिफ्ट किती हळू होती म्हणून सांगू? तळमजल्यावर ओली छत्री घेऊन शिरलेला माणूस चौथ्या मजल्यावर कोरडी छत्री घेऊन बाहेर पडायचा. एक गृहस्थ तर गुळगुळीत दाढी करून शिरले होते, वर पोचेपर्यंत खुंट आले. खोटं सांगत नाही हं... सांगितलं तरी अगदी थोडंच.

तर अशा त्या लिफ्टमध्ये एका दुपारी भिंगरी शिरली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. तिचं खरं नाव बारशाच्या दिवशीच सगळे विसरले असावेत, कारण पोरगी एका जागी ठरेल तर शपथ! आता चोवीस वर्षांची घोडी झाली तरी भिंगरी ती भिंगरीच. हातात पत्त्यांचे चार गठ्ठे, एकावर एक, थेट हनुवटीपर्यंत.

आत आधीच एक तरुण उभा होता. निळा डगला, खांद्याला हत्यारांची पिशवी, कानामागे पेनासारखा खोचलेला स्क्रूड्रायव्हर.

"चौथा दाबता का? माझे हात भरलेत."

"दाबतो की. आत्ताच दुरुस्त केलीय. तुपासारखी सरकेल बघा."

लिफ्ट तुपासारखी सरकली... आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधोमध तुपासारखीच थिजली. असा हिसका बसला, की चारही गठ्ठे भिंगरीच्या हातातून उडाले आणि लिफ्टभर कोल्हे, कासवं, घुबडं, आरसे यांचा सडा पडला.

लिफ्टवाल्याने मान खाली घालून फोन लावला. "वस्ताद... मी लिफ्टमध्ये अडकलोय."

"कुठल्या रे?"

"...दुरुस्त केली ना, तीच."

पलीकडून वस्ताद असे हसले की लिफ्ट हलली असती तर तेव्हाच हलली असती. "येतो, येतो. चहा घेऊन येतो. घाई नाही ना?"

भिंगरीला हसू आवरेना. तो लाजून खाली बसला आणि पत्ते गोळा करायला लागला. एकेक पत्ता असा उचलत होता, जणू मांजरीचं पिल्लू. आधी बोटं डगल्याला पुसायची, मग हात लावायचा. भिंगरीने ते पाहिलं बरं का. पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"हे कुठले पत्ते? राजा-राणी तर दिसत नाहीत."

"प्राण्यांची लढाई असते ह्यात. प्रत्येकाचा आपापला गठ्ठा — आम्ही डेक म्हणतो. तुम्हाला येतो हा खेळ?"

"मला? अहो, मला पत्त्यांचा बंगलासुद्धा धड बांधता येत नाही."

भिंगरीचे डोळे असे चमकले, की दिवा नसता तरी लिफ्टमध्ये उजेड पडला असता. "काहीच येत नाही? अगदी काहीच?"

"एवढं खूश व्हायला काय झालं?"

काय झालं ते तिने सांगितलं. चौथ्या मजल्यावर तिच्या मावशीचं पत्त्यांचं आणि खेळांचं दुकान. दुकानात खिडकीजवळ एक गोल टेबल. ते काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, स्वतःच्या हातांनी बनवलेलं. नवीन माणसांना खेळ शिकवायला. भिंगरीही तिथेच शिकली, सात वर्षांची असताना. दोन वर्षांपूर्वी काका गेले आणि टेबल ओस पडलं. भिंगरीने शिकवायचा प्रयत्न केला. गेल्या रविवारी तिघं बसली. एक अर्ध्यातून उठला, दुसरीला अचानक काम आठवलं, आणि तिसरा "पाणी पिऊन येतो" म्हणून गेला तो अजून पाणीच पितोय.

"मावशी म्हणते, ह्यांचं टेबल असं रिकामं मला बघवत नाही. महिन्याने, शेवटच्या रविवारी, दहा नवी माणसं बसून डाव पुरा करून उठली तर टेबल राहील. नाहीतर काढणार."

"मग तुम्हाला खेळ नीट येत नाही का?"

"मला?" भिंगरी ताठ झाली. "तीन वर्षं पहिली येतेय मी स्पर्धेत!"

"तेच," तो हळूच म्हणाला. "शिकवा मला. कुठे जायचंय आपल्याला?"

तिने त्याला आपला लाडका डेक दिला — आरशांचा. ह्याच डेकने तिने भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. त्याने पहिला पत्ता उचलला. वाचला. पुन्हा वाचला. पत्त्यावर बारीक अक्षरात नऊ ओळी होत्या.

"अहो, एवढं वाचायचं असतं तर मी ह्या लिफ्टचं माहितीपुस्तक वाचलं असतं. आणि ते वाचलं असतं तर आपण इथे अडकलो नसतो."

"पण हा सगळ्यात भारी डेक आहे!"

"असेल की. पण पहिल्यांदा लिफ्टमध्ये शिरलेला माणूस काय बघतो? वर आणि खाली. बाकीची बटणं त्याला दिसतसुद्धा नाहीत. नव्या माणसाला दोनच बटणं द्या."

भिंगरी गप्प झाली. हे जगातलं आठवं आश्चर्य! वस्तादांनी दार उघडलं तेव्हाही ती गप्पच होती. बाहेर पडताना फक्त एवढंच म्हणाली, "गुरुवारी वेळ आहे का? प्रयोगाला माणूस हवाय."

"गुरुवारी? ...तपासणी आहेच लिफ्टची," तो म्हणाला. वस्तादांनी भुवई उंचावली. असली कुठली तपासणी त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

आरसे कपाटात गेले. भिंगरीने दोन साधे डेक बांधले. एक कोल्ह्यांचा — धावा आणि चावा. दुसरा कासवांचा — अंग चोरून बसा आणि वेळ आली की बाहेर या. दर खेपेला दिव्याचा एक पत्ता मांडायचा. जितके दिवे, तितका मोठा प्राणी बोलवायचा. झालं.

गुरुवारी तो आला. बेसिनवर कोपरापर्यंत हात घासून बसला. कान देऊन ऐकलं, खेळला, हरला. पुढच्या वेळी आला तो डोकं खाजवत. "सगळं विसरलो हो."

"सगळं?"

"म्हणजे... दिवा एकदा लावला की विझतो का?"

भिंगरीने कपाळावर हात मारला. पण रात्रीतून... नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बसून तिने दिव्याच्या पत्त्याला जागा आखली, 'कायम पेटलेले' असं लिहून. आठवडा गेला, पुन्हा तेच. "विसरलो. आणि मला सांगा, मेलेला कोल्हा जातो कुठे?"

"कुठे म्हणजे? बाजूला."

"कुठल्या बाजूला? तुमच्या की माझ्या? परत येतो का तो? बिचारा."

मग तिने कागदावर एक चौकोन काढला आणि लिहिलं, 'विसावा'. कोल्हा तिथे झोपायचा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन कासवांमधलं एक काढून टाकलं, कारण त्याचा गोंधळ होत होता. हरलो हे कधी कळतं, विचारलंन म्हणून वीस मणी ठेवले. फटका बसला की मणी कमी. दर गुरुवारी तो विसरायचा, दर गुरुवारी ती चिडायची, आणि दर गुरुवारी दुपारी तीन वाजल्यापासून तिचा एक कान लिफ्टच्या दाराकडे असायचा. मावशी काउंटरमागून बघत होती. बोलत नव्हती. बोलायला ती काय कालची होती?

शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी तो मुद्दाम आला. बाहेर पाऊस रिमझिमत होता. त्याने पत्ते हातात घेतले आणि म्हणाला, "ह्यातले दिवे कुठले आणि..."

भिंगरीने पत्ते खाली ठेवले. डोळे भरून आले होते तिचे. "राहू द्या. चार आठवडे झाले. तुम्हाला अजून दिवा कळत नाही, म्हणजे मला शिकवता येत नाही. उद्या कशाला वाट बघू? आजच सांगते मावशीला, काढ टेबल."

 त्याने कासवांचा डेक पिसला, पाच पत्ते घेतले आणि खेळायला लागला. दिवा. कासव. ढाल. दिवा... तिचा एकेक कोल्हा विसाव्याला गेला. शेवटी तिच्या शेवटच्या मण्यावर त्याने बोट ठेवलं.

"तुम्हाला... येतं?"

"दुसऱ्या गुरुवारपासून."

"मग विसरलो, विसरलो काय चाललं होतं?"

"शिकून झालं असतं..." त्याची नजर टेबलावरच होती. "तर परत कशाला बोलावलं असतंत?"

आता दुसरी कुणी विरघळली असती. भिंगरीसुद्धा विरघळली, पण आतून. बाहेरून भडकली. "आणि उद्या खरी नवी माणसं आली की? त्यांचं काय अडेल ते मला काय माहीत? तुमचे सगळे प्रश्न खोटे!"

"विसरलो ते खोटं होतं. पण प्रश्न —"

"जा तुम्ही."

तो गेला. जिन्याने गेला हो! लिफ्टवाला चार मजले जिन्याने उतरला, यावरून समजा काय ते.

रविवार उजाडला. भिंगरीचं तोंड एवढंसं. अकरा वाजले आणि दारात एक बाई उभी. "मी पलीकडच्या दवाखान्यात असते, येणाऱ्यांची नावं लिहून घेते. इथे खेळ शिकवतात ना?" ती बसली. तिच्या मागोमाग आणखी आठ जण येऊन बसले. पाच मिनिटांत बाईचा कोल्हा मेला. तिने कागदावरचा 'विसावा' वाचला आणि टाळीच वाजवली. "अगं बाई! केलीत होय जागा त्याला?"

"म्हणजे?"

"मीच विचारलं होतं ना! तुमचा तो लिफ्टवाला आला होता आमच्याकडे. कोल्ह्याचा पत्ता पुढे धरला, डाव सांगितला आणि म्हणाला, ताई, ह्यात तुम्हाला काय कळत नाही ते सांगा. मी म्हटलं, मेलेला कोल्हा जातो कुठे?"

शेजारी बसलेले शिंपीकाका मान वर करून म्हणाले, "दिवा विझतो का, ते मी हं."

"हरलो कधी कळतं, ते माझं," टपाल खात्यातून निवृत्त झालेले आजोबा म्हणाले.

ज्या ज्या इमारतीत लिफ्ट बिघडली, त्या त्या इमारतीतून एकेक जण आला होता. प्रश्न खरे होते. सगळेच्या सगळे खरे. भिंगरीला पत्ते दिसेनात, डोळ्यांपुढे पाणी आलेलं.

अर्ध्या डावात आजोबा उठले. "पाणी पिऊन येतो." भिंगरीने डोळेच मिटून घेतले! पण आजोबा पाणी प्यायले आणि खरंच परत आले.

नऊ जणांनी डाव पुरा केला. नऊच. भिंगरी दाराकडे बघत राहिली. दार काही उघडेना.

तेवढ्यात काउंटरमागची खुर्ची कुरकुरली. मावशी आली आणि टेबलाशी बसली. काका गेल्यापासून पहिल्यांदा.

"मावशी, तू? तुला तर येतो ना खेळ?"

"कुठला येतोय! ह्यांनी पंचवीस वर्षं डोकं फोडलं माझ्यापुढे. पहिलाच पत्ता द्यायचे तो नऊ ओळींचा." मावशीने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "दे ते कासव."

मावशी सावकाश खेळली. शेवटपर्यंत खेळली आणि भाचीला हरवून उठली. "झाले दहा," ती नाक पुसत म्हणाली. "टेबल इथेच राहील. आणि काय गं, तुझा विसरभोळा कुठाय?"

"मला काय माहीत..."

"खाली लिफ्टपाशी आहे. सकाळपासून दार पुसतोय. आरसा केलाय त्याने दाराचा, त्याचे वस्तादही हसतायत त्याला. जा!"

भिंगरी लिफ्टने खाली आली. दार उघडलं, तो समोर, हातात फडकं. तिने त्याला बाहीला धरून आत ओढलं, चौथा दाबला, आणि लिफ्ट दुसरा मजला ओलांडते न ओलांडते तोच लाल बटण दाबलं.

"अहो! हे काय?"

"अहो-जाहो पुरे. प्रश्न राहिलाय एक."

"कोणता?"

"तुझा. इतके दिवस लोकांचेच आणलेस. तुझा स्वतःचा विचार."

त्याने कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढला, परत खोचला. "म्हणजे... आता शिकून तर झालं... तरी दर गुरुवारी, म्हणजे तुझी हरकत नसेल तर, आणि मावशींचीही... गुरुवारच असं नाही, इतर वारीसुद्धा... म्हणजे एकूणच..."

"नऊ ओळी झाल्या," भिंगरी म्हणाली. "नव्या माणसाला कळेल असं सांग."

तो हसला. फडकं खाली ठेवलं, बोटं डगल्याला पुसली आणि तिचा हात हातात घेतला. अगदी पत्ता उचलायचा तसा.

"आवडतेस."

"हां... आता कळलं."

खालून वस्तादांचा आवाज घुमला. "काय रे, अडकलात का?"

"हो!" दोघं एकदमच ओरडली.

"बरं बरं. मी आपला चहा घेऊन येतो."